आप्पांनी घराकडे पाठ फिरवून काहीच केलं नाही – आपल्या मंडळाला एक खुलं पत्र

मंडळाचे अध्यक्ष, सेक्रेटरी, पुनर्विकास कमिटीचे मेंबर आणि चाळीतल्या सगळ्या लहानथोरांना सप्रेम नमस्कार.

परळच्या आपल्या चाळीत राहून इतकी वर्षं रक्तदानाचं काम करणाऱ्या आप्पांच्या शोकसभेत जो ठराव मंजूर झाला त्याचा मजकूर परवा ग्रुपवर आला, आणि नवीन बिल्डिंगच्या गेटपाशी जो संगमरवरी फलक लागणार आहे त्यावर पण हाच मजकूर कोरणार असं कळलं, म्हणून हे लिहितेय. त्यात एक वाक्य आहे, "घरदाराची पर्वा न करता ज्यांनी आपलं संपूर्ण आयुष्य समाजासाठी वाहिलं". हे वाक्य खोटं आहे. कोणी मुद्दाम खोटं लिहिलं असं मी अजिबात म्हणत नाही, ज्यांनी लिहिलं त्यांचा आप्पांवर किती जीव होता ते मला माहितीय, सभेत बोलताना त्यांना रडू आवरत नव्हतं. पण समाजकार्य करणारा माणूस गेला की त्याच्याबद्दल काय बोलायचं हे आपल्याकडे ठरूनच गेलंय, घरावर तुळशीपत्र ठेवलं, संसाराकडे पाठ फिरवली, पत्नीने निमूटपणे साथ दिली. आप्पांना हे लावलं तर त्यात आप्पा उरतच नाहीत, आणि त्यांची बायको, आपल्या काकी, तर अजिबातच नाहीत. दगडात कोरायच्या आधी हे वाक्य काढा.

मी त्यांच्या शेजारच्या खोलीत वाढले. मधली भिंत वरच्या बाजूला नुसती फळ्यांची होती हे तुम्हाला सगळ्यांना माहितीय, त्यामुळे त्यांच्या घरातलं भांडण, रेडिओ, पोरींचे पाढे, आजींचं, म्हणजे आप्पांच्या आईचं, खोकणं सगळं आमच्याकडे ऐकू यायचं. तेव्हा हे ऐकीव नाहीये.

आप्पांचं लग्न १९८१ सालचं. तेव्हा ते मिलमध्ये साचा (विणकाम) खात्यात बदली कामगार, म्हणजे रोज गेटवर जायचं आणि कोणी आलं नसेल तर काम मिळणार. लग्नाला वर्ष व्हायच्या आत १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांचा, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आणि गिरणगावातले भोंगे बंद. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही, हे आजच्या पोरांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. चाळीतले कितीतरी पुरुष गावी गेले, कोणी कोकणात कोणी घाटावर, काही परत आलेच नाहीत. आप्पा राहिले, कारण घरात खाणावळ होती. आजी आधीपासून गावाकडून आलेल्या एकट्या कामगारांना जेवण घालायच्या, काकी आल्यावर ती सगळी काकींच्या हातात आली. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते ह्याच खाणावळवाल्या बायकांसाठी, त्यांच्यामार्फत काकींना बँकेचं कर्ज मिळालं, सावकाराकडे जावं लागलं नाही. पण संपात जेवणारेच बेकार, पैसे देणार कुठून, तरी काकींनी कोणाचं ताट बंद केलं नाही. आणि आप्पा काय करत होते त्या काळात? पहाटे भायखळ्याच्या मार्केटमधून भाजी आणायची, मिरच्या निवडायच्या, चाळीच्या नळावर बसून सगळ्यांची ताटं घासायची. पुरुष माणूस नळावर भांडी घासतो म्हणून लोक हसायचे, माझे वडील पण त्यात होते असं आई सांगते. आप्पा म्हणायचे, "खातो ना तिच्या हातचं? मग घासायला काय झालं?"

म्हणजे ज्या माणसाने घराची पर्वा केली नाही असं आपण कोरणार आहोत तो माणूस असा होता.

पुढे त्यांना बेस्टमध्ये कंडक्टरची नोकरी लागली, वडाळा डेपो. आणि त्यानंतर धाकटीचा जन्म. आता हे रक्तदानाचं सगळं कुठून सुरू झालं ते नवीन कार्यकर्त्यांना माहीत नसावं, कारण सभेत तिघांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या, कोणी म्हणालं आप्पांना स्वप्न पडलं, कोणी म्हणालं कुठल्या तरी पुढाऱ्याचं भाषण ऐकून. धाकटीच्या वेळी काकींना बाळंतपणात फार रक्तस्राव झाला. रात्रीची वेळ, रक्त आणा असं सांगितलं, त्या काळी हॉस्पिटलच्या बाहेर पैसे घेऊन रक्त देणारी माणसं उभी असायची, ते रक्त कसं असेल काय असेल कोणाला माहीत, आणि आप्पांकडे तेवढे पैसेही नव्हते. ते धावत चाळीत आले. खाणावळीतल्या तिघांना उठवलं, तिघेही संपात नोकरी गेलेले, तिघांची खाणावळीत उधारी होती, ते अंगावर शर्ट चढवत तसेच निघाले. काकी वाचल्या. काकी वाचल्या म्हणून पुढचं सगळं झालं. आप्पांच्या कामाचा उगम त्यांच्या घरात होता, बायको आणि मुलगी जगली ह्या आनंदात होता, आणि तुमचा ठराव म्हणतो घरदाराची पर्वा न करता.

पैसे देऊन रक्त घेणं ह्या देशात कायद्याने बंद झालं ते १ जानेवारी १९९८ ला, सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर. आप्पांची वही त्याच्या बरीच वर्षं आधीपासून चालू होती. ती वही तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलीय पण नीट वाचलीय का कोणी? कंडक्टर माणूस, रोज तिकिटांचा हिशोब वेबिलात लिहायची सवय, तशीच ही वही. नाव, ब्लडग्रुप, शेवटचं रक्त कधी दिलं, शिफ्ट कुठली, सुट्टी कधी, आणि शेवटच्या रकान्यात घरात कोणाला सांगायचं. हा शेवटचा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पोरगं अठरा वर्षांचं झालं, उत्साहाने आलं, की आप्पांचा पहिला प्रश्न, "आईला विचारलंस?" नसेल विचारलं तर स्वतः जाऊन त्या आईशी बोलायचे, पुरुषाने तीन महिन्यांनी आणि बाईने चार महिन्यांनी परत रक्त दिलं तर चालतं, वजन पंचेचाळीस किलोच्या वर पाहिजे, हिमोग्लोबिन साडेबारा पाहिजे, अशक्तपणा येत नाही, हे सगळं शांतपणे समजावून सांगायचे आणि आईने नाही म्हटलं तर नाव लिहायचे नाहीत. कोणाच्या घरात भांडण लावून मला बाटली नको, हे त्यांचं नेहमीचं.

पहिल्या पानावर लाल पेनाने एक ओळ होती, बॉम्बे ग्रुप असेल तर ओ समजू नका. आपल्याच परळमध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली शोधलेला हा ग्रुप, साध्या तपासणीत ओ दिसतो पण त्या माणसाला ओ चढवलं तर जीव जाऊ शकतो, आपल्या देशात दहा हजारांत एखादा असतो म्हणतात. दहावी शिकलेल्या कंडक्टरने हे केईएमच्या ब्लड बँकेतल्या डॉक्टरांना विचारून विचारून लिहून घेतलं होतं.

१२ मार्च १९९३. बॉम्बस्फोट झाले त्या संध्याकाळी हॉस्पिटलांच्या बाहेर रक्त द्यायला आलेल्या लोकांच्या रांगा, आपली चाळ पण रिकामी होऊन तिकडे गेलेली. आप्पांनी काय केलं, तर रांगेतून आपल्या अर्ध्या पोरांना परत आणलं. पोरं चिडली, आम्हाला द्यायचंय आणि तुम्ही अडवताय. आप्पा म्हणाले आज देणारे खूप आहेत, तुमची पाळी पुढच्या महिन्यात, तेव्हा कोणी नसणार. आणि खरोखर एप्रिल-मे मध्ये एकेकाला बोलवून नेलं. रक्ताची पिशवी साधारण पस्तीस दिवस टिकते, त्यातल्या प्लेटलेट्स तर फक्त पाच दिवस. हे गणित त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

म्हणूनच आपल्या मंडळाचं शिबिर ते कधीही १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला किंवा कोणाच्या वाढदिवसाला ठेवू द्यायचे नाहीत. त्या दिवशी गल्लीगल्लीत शिबिरं असतात. मे महिन्यात कॉलेजं बंद, चाकरमानी गावाला, तेव्हा ब्लड बँकेत टंचाई, तशीच गणपतीत आणि दिवाळीत. म्हणून आपलं शिबिर मेच्या दुसऱ्या आठवड्यात, घामाच्या धारांत, आणि दुसरं गणपतीहून लोक परत आले की लगेच. फोटो काढायला तेव्हा कोणी मोठा माणूस येत नाही हे खरंय. आता ठरावात लिहिलंय की आप्पांच्या स्मरणार्थ २६ जानेवारीला महारक्तदान शिबिर, पाचशे बाटल्यांचा संकल्प. अहो, त्यांच्याच नावाने त्यांच्या इतक्या वर्षांच्या सांगण्याच्या उलट? ब्लड बँकेला फोन करा, त्यांना कधी किती पाहिजे ते विचारा, आणि तेवढंच करा. शंभर मिळाल्या तरी चालतील पण मे मध्ये मिळू देत.

टाटा कॅन्सर हॉस्पिटल आणि केईएमच्या बाहेरच्या फुटपाथवर गावाकडून आलेली माणसं बसलेली असतात ते आपण सगळे रोज बघत मोठे झालो, बघून बघून दिसेनासंच झालं. पेशंट आत, नातेवाईक बाहेर, मुंबईत कोण ओळखीचं नाही आणि हातात चिठ्ठी, डोनर आणा. आप्पा ड्युटी संपवून दुपारी घरी यायचे, जेवून तासभर झोपायचे, पाच वाजता तिकडे जायचे. नुसतं रक्त नाही, कुठल्या खिडकीवर जायचं, जन आरोग्य योजनेला रेशन कार्ड आणि आधार लागतं ते गावावरून कोणाकडून मागवायचं, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा आहे का, असं सगळं. ल्युकेमियाच्या पोरांना प्लेटलेट्स सारख्या लागतात, त्याला दात्याला मशीनवर तास-दीड तास बसावं लागतं, तर दात्याच्या शेजारी आप्पा बसून राहायचे गप्पा मारत. आणि साडेसात वाजता घरी. साडेसात म्हणजे साडेसात, मी पलीकडून चप्पल काढल्याचा आवाज ऐकायचे, कारण मग लगेच आमच्याकडे आईचं सुरू व्हायचं की बघ त्यांच्या पोरी अभ्यासाला बसल्या.

त्या वेळेत कोणी बोलवायला आलं तर? खूपदा यायचे. आप्पा विचारायचे आत्ता लागतंय की सकाळी चालेल. आत्ता म्हटलं तर उठायचे, पण वहीतून जवळचं नाव काढून दुसऱ्याला पाठवायची सोय त्यांनी मुद्दाम करून ठेवली होती, सगळं स्वतः करायचा हट्ट नव्हता. दहा कार्यकर्ते तयार केले ते उगीच नाही, आपण नसलो तरी काम अडायला नको आणि घरी जेवायला वेळेवर जाता यावं, दोन्ही कारणं ते उघडपणे सांगायचे. मोबाईल आल्यावर जेवतानासुद्धा फोन वाजायला लागले तेव्हा काकी एकदा फार चिडल्या. त्या दिवसापासून जेवताना फोन माळ्यावर. अर्जंट असेल तो काकींच्या नंबरवर करेल, आणि काकी ठरवतील उठायचं का ते.

थोरलीच्या वेण्या तेच घालायचे, काकी पहाटेपासून पोळ्यांमध्ये असायच्या ना. दहावीच्या परीक्षेला दोघींच्या वेळी रजा टाकून सेंटरबाहेर उभे. आजी शेवटची काही वर्षं अंथरुणावर होत्या, त्यांना अंघोळ घालणं, कपडे बदलणं, त्या दहा बाय बाराच्या खोलीत, हे काम त्यांनी काकींवर टाकलं नाही, माझी आई आहे म्हणायचे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या रात्री त्यांची बस कुर्ल्याकडे पाण्यात अडकली, रात्रभर प्रवाशांबरोबर बसमध्ये, सकाळी चालत घरी आले आणि दारात पाय ठेवायच्या आधी विचारलं पोरी आल्या का घरी. मग आंघोळ करून वही घेऊन बाहेर. क्रम बघा, एवढंच म्हणणं आहे माझं.

आता काकी. शोकसभेत अकरा जणांची भाषणं झाली, काकी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होत्या, शाल द्यायला म्हणून त्यांना एकदा उभं केलं आणि परत बसवलं. कोणी त्यांना बोला म्हणालं नाही. फुटपाथवरच्या त्या नातेवाइकांना जे डबे जायचे ते कोणाच्या शेगडीवर झाले? रक्त दिल्यावर पोरांना चहा आणि शिरा कोण द्यायचं? आप्पा ड्युटीवर असताना दारात आलेल्या माणसाला वही उघडून नंबर कोण शोधून द्यायचं? काकी चौथी शिकलेल्या, पण ए बी ओ आणि पॉझिटिव्ह निगेटिव्ह त्यांना पाठ होतं. लॉकडाऊनमध्ये शिबिरं बंद पडली तेव्हा एकेकाला वेळ ठरवून पाठवायचं फोनवरचं सगळं काम काकींनी केलं, आप्पांना दम लागायचा तेव्हा.

आणि आप्पा गेले त्या पहाटेचं तर फार कमी जणांना माहितीय. डॉक्टर येऊन गेले, आणि काकींनी नातेवाइकांच्या आधी नेत्रपेढीला फोन लावला. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात हे त्यांना माहीत होतं. त्यांनी स्वतः आप्पांचे डोळे मिटवले, वर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी दिली, पंखा बंद केला कारण वाऱ्याने बुबुळं सुकतात. मग मुलींना फोन केले. टीम आली, अर्ध्या तासात काम झालं. दोन जणांना दृष्टी मिळू शकते त्यातून. हे त्या बाईने केलं, पंचेचाळीस वर्षांच्या संसाराचा माणूस समोर असताना. तिला तुम्ही ठरावात "त्यांच्या सहचारिणीचीही मोलाची साथ लाभली" एवढ्यावर बसवलंत, नाव पण नाही घातलं.

मला ह्या वाक्याचा एवढा राग का येतो ते सांगते. चाळीतली आताची पोरं चांगली आहेत, माझा स्वतःचा भाचा आहे त्यात. पण त्यांना डोंबिवली-विरारवरून अपडाउन करायचंय, नोकरी कच्ची, घरी लहान बाळं. त्यांना जर आपण फलकावर कोरून सांगितलं की समाजसेवा म्हणजे घराची पर्वा सोडणं, तर ती पोरं लांबून नमस्कार करतील आणि निघून जातील, आणि त्यांच्या बायका म्हणतील नकोच ते मंडळ. म्हणायलाच पाहिजे त्यांनी. उलट घरचं सगळं सांभाळून, वेळेवर जेवायला येऊन, बायकोला विचारून इतकी वर्षं काम करता येतं हे आप्पांनी आपल्या डोळ्यांसमोर करून दाखवलं, तेच आपण पुसून टाकतोय. दुसरी पण एक गोष्ट आहे. आपल्याकडे असेही समाजसेवक होऊन गेले ज्यांनी खरंच घराकडे बघितलं नाही, त्यांच्या पोरांचे हाल आपण पाहिले. आप्पांना त्यांच्या रांगेत उभं करू नका.

वहीबद्दल. ग्रुपवर कोणीतरी वहीच्या दोन पानांचे फोटो टाकलेत, भावनेने टाकले असतील, पण त्यात लोकांची नावं, नंबर, घरचे पत्ते आहेत, ते आजच्या आज डिलीट करा आणि पुढे पाठवू नका. त्यात अशी माणसं आहेत ज्यांनी रक्त दिल्याचं घराबाहेर कोणाला सांगितलेलं नाही. वही काकींकडे आहे आणि काकींकडेच राहणार. थोरलीने त्यातली नावं कॉम्प्युटरवर घ्यायला सुरुवात केलीय, प्रत्येकाला फोन करून परवानगी विचारतेय, ज्यांचं वय पासष्टच्या पुढे गेलं त्यांची नावं काढतेय. तिला मदतीला दोन जण पाहिजेत, ज्यांना नीट फोनवर बोलता येतं असे. फलकाच्या वर्गणीपेक्षा ह्याची गरज जास्त आहे.

आणि पुनर्विकास कमिटीला एक विचारायचं आहे. नवीन प्लॅनमध्ये तळमजल्यावर सोसायटी ऑफिस आहे, जिम आहे, पण मंडळाची खोली कुठे दिसली नाही. आप्पांचं नाव गेटवर आणि त्यांचं काम चालायचं ती खोलीच नाही, हे बरोबर नाही. मोठी नको. एक टेबल, चार खुर्च्या, एक फोन, संध्याकाळी पाच ते साडेसात उघडी. बिल्डरशी बोलणी अजून चालू आहेत म्हणता, तर हे आत्ताच मांडा, एकदा सह्या झाल्या की काही बदलत नाही. आमचा पण हक्काचा गाळा आहे त्यात, आई सही करायच्या आधी हा मुद्दा मीटिंगमध्ये विचारणार आहे.

फलकासाठी मजकूर मी काकींना वाचून दाखवलाय, दोन शब्द त्यांनी बदलले, बाकी ठीक म्हणाल्या. आप्पांचं आणि काकींचं पूर्ण नाव वर, एका ओळीत, सारख्या अक्षरात. त्याखाली: "गिरणी कामगार, बेस्टचे कंडक्टर आणि खाणावळ चालवणारी त्यांची पत्नी. दोघांनी मिळून आपलं घर चालवलं आणि परळच्या हॉस्पिटलांत आलेल्या परक्या माणसांना रक्त, जेवण आणि आधार दिला." एवढंच. जन्म-मृत्यूच्या तारखा आप्पांच्या घाला, काकींच्या नावापुढे अर्थातच काही घालू नका, त्या आहेत आणि मेच्या शिबिराची तारीख कधी कळवताय म्हणून मला विचारतायत. येत्या रविवारच्या मीटिंगला मी येतेय, तोपर्यंत फलकवाल्याला थांबवून ठेवा.

तुमचीच,
दुसऱ्या मजल्यावरची, आप्पांच्या शेजारच्या खोलीतली